अँटिव्हायरसचा सेटअप अर्ध्यावर बंद पडत असेल तर

गुहागरच्या ज्या लॅपटॉपवर आपल्या होमस्टेचे बुकिंग चालते, त्याला झेरॉक्सच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह लावल्यापासून फोल्डरांचे शॉर्टकट झाले, ब्राउझरमध्ये जाहिराती येऊ लागल्या आणि विकत घेतलेल्या अँटिव्हायरसचा सेटअप दोनदा अर्ध्यावर बंद पडला, असे आपण लिहिले आहे. तिसऱ्यांदा तो चालवू नये. विंडोज सुरू असताना मालवेअरही (घातक सॉफ्टवेअर) मेमरीत सुरूच असते आणि ओळखीच्या अँटिव्हायरसचे नाव दिसले की ते सेटअप बंद पाडू शकते. विकत घेतलेली सीडी वा लायसन्स-की यात बहुधा निर्दोष असते.

सर्वप्रथम वायफाय आणि हॉटस्पॉट बंद करावे. बँक आणि ईमेल यांचे पासवर्ड आजच बदलावेत, मात्र या लॅपटॉपवरून नव्हे, मोबाइलवरून; आणि ईमेलच्या सेटिंगमधून इतर सर्व उपकरणांवरचे लॉगिनही काढून टाकावे, कारण ब्राउझरमधले चालू लॉगिन चोरीस गेले असेल तर नुसता पासवर्ड बदलून दर वेळी भागत नाही. खात्यातून पैसे गेलेले दिसल्यास 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

त्यानंतर बुकिंगच्या एक्सेल फाइल्स, पाहुण्यांच्या नोंदी आणि फोटो एवढेच रिकाम्या ड्राइव्हवर घ्यावे. सेटअप फाइल्स आणि शॉर्टकट घेऊ नयेत. हा ड्राइव्ह सफाई होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही संगणकाला लावू नये.

खरे काम ऑफलाइन स्कॅनचे आहे. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस मुळातच असतो. विंडोज सिक्युरिटीमध्ये व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन उघडून आधी एक्सक्लूजन्सची, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची, यादी पाहावी. तेथे आपण न टाकलेले फोल्डर, किंवा चक्क अख्खा सी ड्राइव्ह, दिसला तर तो काढून टाकावा. मालवेअर स्वतःला तपासणीतून वगळून घेते ते याच यादीतून, आणि ही जागा बहुतेक जण पाहतच नाहीत. अपडेटपुरते नेट सुरू करून पुन्हा बंद करावे, हातातले काम सेव्ह करावे आणि स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडर ऑफलाइन स्कॅन निवडावा. लॅपटॉप रीस्टार्ट होऊन नेहमीचे विंडोज सुरू होण्याआधीच, साधारण 15 मिनिटे, तपासणी चालते. त्या वेळी मालवेअर जागे नसते. चार्जर लावलेला असावा आणि बॅटरीही भरलेली असावी. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो.

डिफेंडरच उघडत नसेल तर स्वच्छ संगणकावरून मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवून आणावा (तो 10 दिवसच चालतो, त्यामुळे जुना ठेवलेला कामाचा नाही) आणि सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होते तो) चालवावा. त्यासाठी शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करावे, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जाऊन रीस्टार्टनंतर 4 दाबावे. बिटलॉकर (ड्राइव्ह कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) सुरू असल्यास त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवावी.

स्कॅननंतरही जाहिराती येत असतील तर ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन (जोडलेली छोटी प्रोग्राम) काढावीत आणि कोणत्या संकेतस्थळांना नोटिफिकेशनची परवानगी दिली गेली आहे ते पाहावे. पुष्कळदा तेवढ्यानेच थांबते. केवळ अँटिव्हायरस कंपन्यांचीच पाने उघडत नसतील, तर होस्ट्स फाइल आणि प्रॉक्सी सेटिंग तपासावी; संकेतस्थळे परस्पर दुसरीकडे वळवली जातात ती यांतूनच.

फोल्डर बहुधा गेलेले नाहीत. एक-दोन केबीच्या, कोपऱ्यात बाण असलेल्या त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नये. फाइल एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स दाखवून, फोल्डर ऑप्शन्समधली संरक्षित सिस्टम फाइल्स लपवण्याची खूण काढली की मूळ फोल्डर फिकट दिसू लागतात. कधी ते सगळे एका बिननावाच्या फोल्डरात सारलेले असतात.

हे झाल्यावरच विकतचा अँटिव्हायरस टाकावा, आणि एकच टाकावा. काही वर्षांपूर्वी ऐन आंब्याच्या हंगामात एका बागायतदारांच्या लॅपटॉपवर मी जुना न काढता दुसरा चढवला होता. पेट्यांचा हिशेब उघडायला दहा मिनिटे लागू लागली आणि शेवटी दोन्ही काढावे लागले. डिफेंडर मात्र अशा वेळी आपणहून बाजूला होतो.

दोन स्कॅननंतरही डिफेंडर पुन्हा बंद होत असेल, किंवा विंडोज क्रॅक करून टाकलेले असेल, तर डागडुजीत वेळ न दवडता नव्याने विंडोज टाकावे. लॅपटॉप पेलत असेल तर 11 टाकावे, कारण 10 चे नियमित सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. तत्पूर्वी विंडोज सिक्युरिटीतल्या प्रोटेक्शन हिस्टरीमध्ये मालवेअरचे जे नाव दिसेल ते जसेच्या तसे मला कळवावे.