गेटवरचे दहा अंकी आकडे

प्रश्न : सोसायटीच्या गेटवरच्या नोंदींची फाइल एक्सेलमध्ये उघडली, तर वेळेच्या रकान्यात १७०००००००० असले आकडे! तारीख कशी काढू?

उत्तर : काका, फाइल बिघडलेली नाही. ते १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासूनचे सेकंद आहेत. एक्सेल मात्र १९०० पासून दिवस मोजतं (त्यात कधी न उगवलेला २९ फेब्रुवारी १९००सुद्धा धरतं!). आकड्यात आधी आपल्या साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवा, नाहीतर पहाटे पावणेचारचा दूधवाला आदल्या रात्री सव्वादहाला आलेला दिसेल. मग ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, रकान्याला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. तुमचा आकडा निघतो १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३. तेरा अंकी आकडे दिसले तर ते मिलिसेकंद. सगळ्यात आधी हजाराने भागायचं.