प्राणी आवडतात, म्हणून पेट शॉपमध्ये नोकरी धरू का?

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं एकाच विषयावरची निघाली आणि संपादकांनी ती माझ्याकडे पाठवली. दोन वर्षं एका छोट्या दुकानात आणि नंतर सात वर्षं एका साखळी दुकानाच्या पणजीजवळच्या शाखेत मी काम केलं. आता मयेला घरीच कुत्र्या-मांजरांचं ग्रूमिंग करते. दोन्ही दुकानांची नावं इथे घेणार नाही.

प्रश्न : मी डिचोलीची. यंदा बी.ए. झाले. घरी दोन मांजरं आणि एक गावठी कुत्रा आहे, त्यांचं सगळं मीच करते. पर्वरीला एका पेट शॉप चेनमध्ये मुलाखत दिली, बोलावणं आलं आहे. बाबा म्हणतात, "घाण काढायला शिकलीस का?" माझं शिक्षण मराठीतून, इंग्रजी बेताचं. ताई, जाऊ का?

उत्तर : जा. पण कुठे चालली आहेस ते आधी ऐक.

बाबांचं अर्धं बरोबर आहे. शटर वर गेल्यावर पहिला दीड तास साफसफाईचाच असतो. माझा दिवस माशांच्या टाक्यांपासून सुरू व्हायचा. दिवे लावायचे, जाळी हातात घ्यायची आणि रात्रीत मेलेले मासे शोधायचे. निऑन टेट्रा बोटाच्या पेराएवढा. मेला की फिल्टरच्या मागे चिकटून राहतो, दिसत नाही. तिथेच राहिला तर सडतो, पाण्यात अमोनिया वाढतो आणि दुपारपर्यंत आणखी चार जातात. म्हणून शोधायचा, काढायचा, वहीत लिहायचा : टाकी ४, निऑन ३, मॉली १. पहिल्या आठवड्यात मला ती वही उघडवत नसे. पुढे कळलं, की ज्या टाकीचा आकडा रोज चढतो तिथे काहीतरी बिघडलंय हे फक्त ती वहीच सांगते. त्यानंतर पक्ष्यांचे ट्रे, हॅमस्टरचा भुसा, फरशी. मग माल. कुत्र्याच्या खाण्याचं मोठं पोतं २० किलोचं असतं. गाडी आली की तशी पोती उतरवून तारखा बघत रचायची, जुनं पुढे, नवं मागे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो, की फाटलेल्या पोत्यातल्या खाण्याला आठवड्यात कुबट वास येतो. ते विकायचं नाही, कोणी कितीही म्हणो.

प्राण्यांना मांडीवर घेऊन बसणं ह्यात कुठे आलं? फारच थोडं येतं. आणि त्यांच्यावरची माया नेमकी कुठे लागते, ते मला एका जूनच्या रात्री कळलं. पहिला मोठा पाऊस, वारा, बंद करायच्या वेळेला वीज गेली. जनरेटर चालू होईना. टाक्यांतले पंप थांबले, म्हणजे पाण्यात हवा जाणं थांबलं. बॅटरीवरचे पंप दोनच होते, टाक्या बावीस. मी आणि वॉचमन काका हातात पाण्याचे मग घेऊन उभे राहिलो. टाकीतलं पाणी मगाने उचलायचं आणि हातभर उंचावरून परत टाकीत ओतायचं, म्हणजे पडताना ते हवा घेऊन जातं. ही टाकी झाली की पुढची, बावीसावी झाली की पुन्हा पहिली. पावणेबारापर्यंत हात गळून गेले. मॅनेजर घरी गेला होता, ओव्हरटाइम कोणी लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी वहीत अकरा मासे होते. काका म्हणाले, "शंभर जायचे, अकरा गेले." मला त्या अकरांचंच वाईट वाटत होतं. अजून वाटतं.

खरी कसोटी मात्र काउंटरवर लागते. चेन म्हटली की टार्गेट आलं. महिन्याच्या २५ तारखेनंतर मॅनेजरचा चेहरा बघूनच कळतं कुठवर आलंय ते. अशाच एका संध्याकाळी एक गृहस्थ मुलीच्या वाढदिवसासाठी गोल काचेचं भांडं आणि दोन गोल्डफिश मागायला आले. मुलगी सोबत होती, काचेला नाक लावून बसलेली. गोल्डफिश वाढतो, खूप घाण करतो, त्याला मोठी टाकी आणि फिल्टर लागतो. भांड्यात तो आपल्याच घाणीत गुदमरून मरतो. शिवाय नव्या टाकीत ती घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. मी हे सगळं सांगितलं आणि भांडं देणार नाही म्हटलं. ते रागावून निघून गेले. मॅनेजर मला मागे नेऊन बोलला ते मी इथे लिहीत नाही. ते गृहस्थ परत आले नाहीत, दुसरीकडून त्यांनी भांडं घेतलंही असेल. पण आपल्या हातून आपण तो मासा भांड्यात टाकला नाही. एवढं ठरवून जाणार असशील तरच जा, बाय. नाहीतर सहा महिन्यांत तू प्राण्यांवर प्रेम करणारी मुलगी राहणार नाहीस आणि ते तुझ्या लक्षातही येणार नाही.

मी हे छातीठोकपणे सांगते, कारण आधीच्या दुकानात मी गप्प बसले होते. तिथे पाच आठवड्यांचं पिल्लू 'दोन महिन्यांचं' म्हणून विकलं. सुस्त होतं, हे मला दिसत होतं. चौथ्या दिवशी ते पार्वोने, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या विषाणूच्या आजाराने, गेलं आणि त्या घरातली बाई रिकामी टोपली घेऊन दुकानात आली. केंद्राचे पेट शॉपसाठीचे नियम २०१८ साली आले. त्यांत दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि पिल्लू आठ आठवड्यांहून लहान नसणं, दोन्ही सक्तीचं आहे. मुलाखत घेणाऱ्याला सरळ विचार, नोंदणीचा कागद कुठे लावला आहे? जो दाखवेल तिथे काम कर.

आता चांगलंही सांगते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, निम्मी पणजी कुलूप लावून आपापल्या गावच्या मूळ घरी जाते आणि कुत्री बोर्डिंगला येतात. एका वर्षी बारा वर्षांचा एक लॅब्रॅडोर आला, ब्रूनो. दोन दिवस तोंडात घास नाही. कोपऱ्यात दाराकडे तोंड करून पडलेला. घरच्यांचा फोन लागेना, गावात रेंज नाही. बाहेरचं खाणं द्यायचं नाही हा दुकानाचा नियम, आणि तो योग्यच आहे. मी पशुवैद्यांना फोन करून विचारलं, त्यांनी हो म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी घरून डब्यात बिनमिठाची पेज नेली. उकड्या तांदळाची, कोमट, वर थोडं उकडलेलं चिकन कुस्करून. वाटी पुढे ठेवली आणि मी पाठ करून फरशी पुसत राहिले, कारण आपण बघत बसलो तर म्हातारी कुत्री खात नाहीत. थोड्या वेळाने मागून लपलप आवाज आला. गणपतीवर बांधायची फळांची माटोळी, मोदक, सगळी चवथ माझी त्या आवाजात झाली.

इंग्रजीची काळजी करू नकोस. ट्रेनिंग इंग्रजीत होतं, डब्यांवरचं सगळं इंग्रजीत असतं, पण गिऱ्हाईक कोंकणीत विचारतं, नाहीतर हिंदीत. मी ट्रेनिंगचं सगळं मराठीत उतरवून घ्यायचे. वर्षभराने इंग्रजीत शिकलेल्या मुली माझी वही मागायच्या.

पगाराचं थोडक्यात. हातात किती आणि कागदावर किती, दोन्ही विचार. २१ हजारांपर्यंतच्या पगाराला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतो, दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर. तुझ्याकडून पाऊण टक्का जातो, मालकाकडून सव्वातीन. १५ हजारांवर तुझे ११३ रुपये, त्यात उपचार मिळतात. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. रविवारी सुट्टी मिळणार नाही हे धरून चाल, पण आठवड्यातला एक दिवस हक्काचा आहे, तो सोडू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा तीन महिन्यांपासून फोंड्यात पेट शॉपमध्ये ग्रूमिंग शिकतो. हातावर ओरखडे असतात, आता दंडावर गोल लाल चट्टा उठला आहे. सोडायला सांगू का?

उत्तर : वहिनी, नोकरी सोडायला नको, चट्टा डॉक्टरांना दाखवा. कडा लाल आणि मध्ये साफ असा गोल असेल तर बहुतेक गजकर्ण आहे. लांब केसांच्या मांजरांकडून, खास करून पर्शियन, तो आम्हा सगळ्यांना कधी ना कधी होतो. मेडिकलमधून मनाने मलम आणून लावू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि गजकर्ण पसरतो. मी हे भोगलंय, चार महिने गेले. ज्या मांजराकडून आला तेही दाखवायला हवं, ते त्याने मॅनेजरला सांगावं.

रेबीजची लस त्याला आधीच घ्यायला लावा. रोज प्राणी हाताळणाऱ्यांना ती चावा बसण्याआधी देतात : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग २१व्या किंवा २८व्या दिवशी. गोवा २०२१ साली रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला, हे खरं, आणि त्यामागे कुत्र्यांना पकडून लस टोचायला गावोगाव जाळी घेऊन फिरलेल्या लोकांचे कष्ट आहेत. तरी ग्रूमिंगला येणारं कुत्रं कुठून आलं, त्याला लस दिली का, हे टेबलावर कळत नाही. लस घेतली असली तरी चावा किंवा ओरखडा आला की साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, कारण पुढचे डोस लागतात. पावसाळ्यात गोदामात उंदीर झाले असतील तर हाताची जखम झाकूनच पोती उचलावीत, लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून होणारा ताप, तिथून होतो. हातमोजे दुकानाने द्यायचे. देत नसतील तर मला पुन्हा लिहा.

प्रश्न : माझा भाचा पेडण्याकडच्या एका दुकानात आहे. गिऱ्हाईकं पोपट मागतात, मालक म्हणतो आणून देऊ. ह्यात भाचा अडकेल का?

उत्तर : अडकेल. "बाय, कीर मेळटलो?" म्हणजे पोपट मिळेल का, हे मी सात वर्षं आठवड्यातून एकदा तरी ऐकलं. गळ्यात कंठ असलेला आपला हिरवा पोपट १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. पकडणं, विकणं, पिंजऱ्यात ठेवणं, सगळं गुन्हा. मुनिया आणि तारा कासवाचंही तेच. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतात ते बहुधा बजरिगार, ते परदेशी, त्यांची गोष्ट वेगळी. पोपट मागणाऱ्या एका आजोबांना मी सांगितलं होतं, परसात पेरू लावा, आमच्याकडे फळं धरली की थवाच उतरतो.

भाच्याला सांगा, असा पिंजरा आला तर त्याचं बिल करू नकोस, पोचवायला जाऊ नकोस, पैसे हातात घेऊ नकोस, आणि वन खात्याच्या जवळच्या कार्यालयात त्याच दिवशी कळव. तोवर दुसरं काम बघायला सुरुवात करू दे. पोती उचलता येणारा आणि टाक्या सांभाळता येणारा मुलगा म्हापशापासून पणजीपर्यंत कुठल्याही दुकानाला हवाच असतो.