इंदूरच्या जुन्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या टाइल्समधले चार-पाच सांधे भरायचे आहेत, ग्राउटचा (सांध्यात भरायच्या मसाल्याचा) रंग जुन्याशी कसा जुळवू?

शेड कार्ड पाहून रंग ठरवू नका. धुऊन वाळवलेल्या जुन्या ग्राउटशेजारी नव्या ग्राउटचा वाळलेला नमुना ठेवूनच ठरवा. आज दिसणाऱ्या करड्या रंगात साबणाचा आणि क्षारांचा थरही असतो. एक-दोन सांधे डिटर्जंट आणि नायलॉनच्या ब्रशने घासून दिवसभर वाळू द्या. कमोडमागचा सांधाही बघा, मूळ रंग बहुधा तिथे टिकलेला असतो.

मग जवळच्या दोन शेड घ्या आणि कोरडी पावडर वजनाने मिसळा: ३:१, १:१, १:३. प्रत्येक नमुन्याला ५० ग्रॅम पुरे. पाणी पाकिटावर लिहिलंय तेवढंच, तेही मोजून. बहुतेक वेळा गडबड इथेच होते: पाणी जास्त झालं की तीच शेड फिकी आणि डागाळलेली निघते. बोरिंगचं जड पाणी टाळा, वाळल्यावर पांढरे क्षार वर येतात. नर्मदेच्या नळाचं चालेल. ओलं ग्राउट गडद दिसतं, म्हणून नमुना ४८ तासांनी दिवसाच्या उजेडात बघा.

पोतही जुळायला हवा: ३ मिमीपेक्षा रुंद सांध्याला वाळूमिश्रित ग्राउट, अरुंदला बारीक. भरण्याआधी जुनं ग्राउट निदान ३ मिमी खोल खरवडा, नाहीतर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

मात्र जुने सांधे व्हाइट सिमेंटमध्ये ऑक्साइड रंग घालून भरलेले असतील, तर तंतोतंत जुळणी क्वचितच होते. तिथे तुकडा न भरता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण ओळ भरा.