हप्ते थकलेत, तरी पुन्हा कॉलेजला जायचंय

प्रश्न : वय २९, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी. इंजिनिअरिंगसाठी साडेतीन लाखांचं कर्ज काढलं, तिसऱ्या वर्षी शिक्षण सुटलं, हप्तेही थांबले. खातं एनपीए (थकीत) झालंय. पदवी पूर्ण करायची आहे. कॉलेज घेईल का? नवं कर्ज मिळेल का?

उत्तर : कॉलेज प्रवेश देताना सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा रिपोर्ट, बघत नाही. ते बघतं तुमची मार्कलिस्ट आणि त्यांची स्वतःची फी बाकी आहे का ते. पदवी किती वर्षांत पुरी करायची याची विद्यापीठाची मर्यादा असते, म्हणून आधी परीक्षा विभागात चौकशी करा. मुदत उलटली असेल तर मुक्त विद्यापीठाचा विचार करा. तिथली फी पगारातून झेपते, कर्जाचा प्रश्नच येत नाही.

नव्या कर्जाचं मात्र अवघड आहे. जुनं खातं थकीत असताना दुसऱ्या बँकेत गेलात तरी रिपोर्ट तोच निघतो. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, पण आई किंवा वडील सहकर्जदार असतात. म्हणजे वडिलांचं सिबिलही बिघडलेलं असणार. उद्या त्यांनी घरदुरुस्तीला कर्ज मागितलं तर त्यांनाही हेच ऐकावं लागेल.

बँकेत जायचं म्हटलं की आपल्याकडं ‘बघू की पुढच्या महिन्यात’ सुरू होतं. असं म्हणत चार वर्षं घालवून खात्याचा उतारा मागायला आलेली मुलं मी बँकेत नोकरीला असताना कितीतरी पाहिली. तुम्ही जा आणि उतारा घ्या. त्यात मुद्दल, व्याज आणि दंड वेगवेगळे दाखवायला सांगा. सगळं कर्ज परत मागवल्याची नोटीस आली नसेल, तर आज भरायची असते ती थकबाकी, संपूर्ण कर्ज नव्हे. हा फरक काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट : हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए होतं, पण एखाददुसरा हप्ता भरून ते नियमित होत नाही. व्याज-मुद्दलाची सगळी थकबाकी भरावी लागते. एकदम जमत नसेल तर मुदत वाढवून हप्ता लहान करून मागा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

प्रश्न : मी गडहिंग्लजची. २ लाख ६० हजार बाकी आहेत. बँक लोकअदालतीत १ लाख ९० हजारांवर मिटवायला तयार आहे. मला बीएड करायचंय. सही करू का?

उत्तर : सिबिल रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडलं) येणार की ‘सेटल्ड’ (तडजोडीनं मिटवलं), एवढं आधी विचारा. बँकेनं काही पैसे सोडून मिटवलं की बहुधा ‘सेटल्ड’ येतं आणि पुढचा बँकवाला तिथंच बोट ठेवतो. बीएडसाठी पुन्हा कर्ज काढणार असाल तर मुदत वाढवून पूर्ण फेडणं बरं.

पण कर्ज लागेलच असं नाही. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. अट एकच जपा, प्रवेश कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच घ्या. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात की माफी गेली. फी माफ होत असेल तर तडजोड घ्यायला माझी हरकत नाही. फक्त १ लाख ९० हजार हाताशी असतील तरच सही करा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही. पैसे दिल्यावर नो ड्यूज (काही बाकी नाही असा) दाखला घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका.

प्रश्न : इचलकरंजीहून लिहितोय. वसुलीवाले रात्री नऊला फोन करतात, मुलीच्या नव्या कॉलेजात येऊन तमाशा करू म्हणतात.

उत्तर : सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना वसुलीचा फोन करता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. धमकी तर मुळीच चालत नाही. फोनची वेळ आणि नंबर टिपून बँकेला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा, तिथं एक रुपयाही लागत नाही. तक्रार केली म्हणून कर्ज माफ होत नाही, त्यामुळे हप्त्याचं बोलणं सोबत चालू ठेवा.

प्रश्न : सगळं फेडलं, तरी सिबिलवर थकबाकी दिसते.

उत्तर : नो ड्यूज दाखला जोडून बँकेकडं आणि सिबिलकडं तक्रार नोंदवा. दुरुस्ती ३० दिवसांत झाली नाही तर त्यापुढं रोज १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. मागून घ्या.