ख्रिस्ती माणसाने कुराण वाचावं का? मुसलमान मैत्रिणीशी येशूबद्दल बोलावं का?

कुराण वाचलं तर विश्वास डळमळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही डळमळत, वाचा. बोलायचं की नाही ते नंतर पाहू, कारण या विषयावर बोलायला जाऊनच मी एकदा तोंडावर आपटलोय.

आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मी शास्त्राभ्यास घ्यायचो. एका शनिवारी विषय होता 'इस्लामची ओळख'. माझी तयारी म्हणजे कोणीतरी हातात दिलेली एक चोपडी. मुसलमान ज्याची भक्ती करतात तो मुळात चंद्रदेव, आणि येशूला तर ते मानतच नाहीत, असं तिच्यात होतं. मी ते ठासून सांगितलं. कामावरचा माझा एक मुसलमान मित्र तेव्हा मागच्या बाकावर बसला होता. त्याला मीच बोलावलं होतं. मी किती छान बोलतो ते त्याला दाखवायचं होतं, दुसरं काही नाही. तो शेवटपर्यंत बसला. निघताना एवढंच म्हणाला, "मला तुझ्याबद्दल कुठे बोलायचं असतं, तर आधी तुला विचारलं असतं."

त्या रात्री पहिल्यांदा कुराणचं भाषांतर उघडलं. 19व्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नावच 'मरियम', येशूची आई. अख्ख्या कुराणात नावानिशी येणारी ती एकटीच स्त्री. येशू कुमारीच्या पोटी जन्मला, त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, तो मसीहा, हे सगळं त्या पुस्तकात आहे. अरबी बोलणारे ख्रिस्ती आपल्याच पवित्र शास्त्रात देवाला 'अल्लाह' म्हणतात, हे मला वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कळलं. आणि 'शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा मी दर वर्षी मुलांकडून पाठ करून घेत होतो!

पुढच्या शनिवारी चूक दुरुस्त करायची ठरवली. आमचे सासरे मंडळीत वडील, म्हणजे कारभार बघणाऱ्या पुढाऱ्यांपैकी. ते म्हणाले, "झालं गेलं. आता उकरून काढलंत तर कच्च्या विश्वासाची मुलं गोंधळतील." मी तरी उभा राहिलो, मागच्या वेळी खोटं बोललो हे सांगितलं आणि मरियम सूरेतला थोडा भाग वाचून दाखवला. दोन आठवड्यांत शास्त्राभ्यास दुसऱ्याकडे गेला. कारण मंडळीत कोणी सांगितलं नाही, घरी सासऱ्यांनी सांगितलं. "तुम्ही मऊ झालात, जावईबापू. मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय उरला?"

फरक वधस्तंभाचा, पप्पा. हे मी तेव्हाही सांगितलं होतं. त्यांनी त्याला मारलं नाही, वधस्तंभावरही दिलं नाही, त्यांना तसं भासवलं गेलं, असं कुराण 4:157 मध्ये (सूरा 4, ओळ 157) म्हणतं. आणि ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असं प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. यात मधला रस्ता नाही. 'सगळे धर्म एकच सांगतात' म्हणणारे माझ्या चोपडीइतकेच चुकतात. हे मी मित्रालाही तोंडावर सांगितलं. तो चिडला नाही. त्याने विचारलं, "पण मरियम तुमच्या तिघांत आहे ना?" तिघं म्हणजे आमचं त्रैक्य: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. (5:116 वाचलं की हा प्रश्न कुठून येतो ते कळतं.) नाही, हे समजावायला मला तासभर लागला. म्हणजे चोपडी त्याच्याकडेही होतीच कुठली तरी. मग त्याने नजाशीची गोष्ट सांगितली. साधारण 615 च्या सुमारास मक्केतल्या छळाला कंटाळून काही मुसलमान हबशांच्या (आजच्या इथिओपियाकडच्या) ख्रिस्ती राजाच्या, म्हणजे नजाशीच्या, आश्रयाला गेले. त्याच्यापुढे ही मरियम सूरा वाचली तेव्हा तो रडला आणि त्याने त्यांना परत धाडायला नकार दिला, असं मुसलमान परंपरा सांगते. मी तरुण संघात वाचून दाखवली तीच सूरा. तो राजा आमच्या मंडळीत असता तर त्याचाही वर्ग काढून घेतला असता.

सासऱ्यांचा हुकमी मुद्दा लिबियाचा. फेब्रुवारी 2015 मध्ये इस्लामिक स्टेटने 21 ख्रिस्ती माणसांचे गळे चिरले, त्यांतले 20 कॉप्टिक, म्हणजे इजिप्तचे ख्रिस्ती. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती बाईला ईशनिंदेच्या आरोपावरून 2010 मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती सुटली 2018 मध्ये. हे खरं आहे, आणि ते सौम्य करून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. पण त्याची वसुली मागच्या बाकावरच्या माणसाकडून कशी करायची? 1219 मध्ये क्रूसयुद्ध ऐन भरात असताना असिसीचा संत फ्रान्सिस इजिप्तमधल्या दमिएत्ताजवळ तिथल्या सुलतान अल-कामिलच्या छावणीत गेला. सुलतान ख्रिस्ती झाला नाही, फ्रान्सिस सुखरूप परत आला. सासरे म्हणतात, "तो कॅथलिक होता." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तुमच्या मैत्रिणीचं. ती काय मानते ते आधी तिलाच विचारा, चोपडीला नको. तिने विचारलं तर तुमचं सांगा, पूर्ण सांगा, वधस्तंभासकट. येशूचा शिष्य पेत्र याने विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहायला सांगितलंय, ते सौम्यतेने द्यायलाही सांगितलंय. दुसरा भाग आमच्याकडे कोणी पाठ करत नाही. मात्र हे ऐकल्यामुळे तिला घरी त्रास होणार असेल तर गप्प बसा.

आणि कुराण पहिल्या पानापासून धरू नका. पहिली छोटी सूरा सोडली तर मांडणी ढोबळमानाने लांबीप्रमाणे आहे, काळाप्रमाणे नाही, त्यामुळे सुरुवातीलाच दमायला होतं. 19 घ्या, मग 3, मग 5. जमलं तर जाणकार मुसलमानाबरोबर वाचा. मी एकट्याने वाचून बरंच उलटंसुलटं समजलो होतो. वाचताना घरातलं कोणी वडीलधारं खोलीत आलं तर पुस्तक उशीखाली सरकवू नका. पहिल्या रात्री मी सरकवलं होतं.