डेक बदलण्यापूर्वी: गाडीतील संगीताविषयी वाचकांचे प्रश्न

पेनड्राइव्ह, ब्लूटूथ किंवा ऑक्स (तारेने ध्वनी जोडण्याची जागा) यांवरून गाडीत गाणी ऐकताना येणाऱ्या अडचणींविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट ‘आता डेक (गाडीतील गाणी वाजवणारे यंत्र) बदलावा का?’ या विचारणेने झाला आहे. माझे मत प्रारंभीच सांगतो. अशा तक्रारींत डेक क्वचितच बिघडलेला असतो. फाइल कशी लिहिली आहे किंवा ती कोणत्या वाटेने स्पीकरपर्यंत पोहोचते, यात बहुधा खोट असते आणि ती घरबसल्या शोधता येते.

प्रश्न: वडिलांनी जमवलेल्या नाट्यपदांच्या आणि अभंगांच्या सुमारे सहाशे एमपी३ फाइली मी ६४ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हवर घेतल्या. संगणकावर त्या व्यवस्थित दिसतात, पण २०१३ सालच्या माझ्या गाडीतील डेक तो पेनड्राइव्ह ओळखतच नाही. जुन्या ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर काही फाइली घातल्या तेव्हा त्या वाजल्या. मात्र क्रम उलटसुलट झाला आणि मराठी नावांच्या जागी चौकोन दिसू लागले. डेक बदलावा का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: बदलू नये. आपल्या पत्रात तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि तिन्हींवर उपाय आहे.

पहिली अडचण फॉरमॅटची. ३२ जीबीहून मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करून विकले जातात. त्या काळातील बरेच डेक फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचतात. एक्सफॅट किंवा एनटीएफएस असलेला पेनड्राइव्ह त्यांच्या दृष्टीने कोराच असतो. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला फॅट३२ हा पर्याय आजवर सहसा मिळत आलेला नाही. त्यामुळे १६ किंवा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेणे हाच सरळ मार्ग आहे. जागा कमी पडेल ही भीती बाळगू नये. ३२० केबीपीएस (सेकंदाला ३२० किलोबिट) या एमपी३च्या सर्वांत वरच्या दर्जाची फाइलसुद्धा मिनिटाला सुमारे २.४ एमबी जागा घेते. म्हणजे आपली सहाशे पदे सरासरी पाच मिनिटांची धरली, तरी साडेसात जीबीच्या आत मावतील.

दुसरी अडचण क्रमाची. संगणकाच्या पडद्यावर फाइली नावाप्रमाणे लावलेल्या दिसतात, कारण संगणक त्या दाखवण्यापूर्वी लावून घेतो. पेनड्राइव्हवरील मूळ यादीत मात्र त्या ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या त्याच क्रमाने असतात, आणि अनेक जुने डेक ही मूळ यादी जशीच्या तशी वाचतात. एखादी फाइल पुसली की त्या यादीत तिची जागा रिकामी होते आणि पुढे घातलेली नवी फाइल त्या जागी जाऊन बसू शकते. काल घातलेला अभंग यादीच्या मध्येच वाजू लागतो तो यामुळे. म्हणून मूळ संग्रह संगणकावर सुरक्षित असल्याची खात्री करून पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करावा, फाइलींच्या नावांपुढे ०१, ०२ असे दोन आकडी (शंभरांहून अधिक असल्यास तीन आकडी) क्रमांक द्यावेत आणि एकेक फोल्डर क्रमाने, आधीचा पूर्ण झाल्यावरच, उतरवावा. फाइल पुढे-मागे करायची असेल तर संपूर्ण फोल्डर पुसून पुन्हा लिहिणे अधिक खात्रीचे असते. आपण मॅक संगणक वापरत असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी: मॅक अशा पेनड्राइव्हवर प्रत्येक गाण्यासोबत टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एक छोटी लपलेली फाइल लिहून ठेवतो. डेक तिलाही गाणे समजतो आणि प्रत्येक पदानंतर क्षणभर अडखळतो. या फाइली विंडोजच्या संगणकावर लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय सुरू केल्यावर दिसतात व पुसता येतात.

तिसरी अडचण देवनागरीची, आणि ती मला स्वतःला सर्वांत अधिक खटकते. फाइलचे नाव आणि तिच्या आत नोंदवलेली माहिती, म्हणजे टॅग, देवनागरीत लिहिण्यास तांत्रिक आडकाठी काहीच नाही. पण डेकमध्ये देवनागरी अक्षरे बसवलेली नसतील तर तो चौकोन दाखवतो. अक्षरे असून ती जोडण्याची सोय नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर दिसते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. ही उणीव फाइल बदलून दूर होणार नाही. यासाठी संग्रहाच्या दोन प्रती ठेवाव्यात: घरी देवनागरीतील टॅगसह मूळ प्रत आणि गाडीसाठी रोमन लिपीतील नावांची प्रत. एमपी३टॅग नावाचा संगणक-प्रोग्रॅम शेकडो फाइलींचे टॅग एकदम बदलू शकतो. टॅग साठवताना आयडी३ या टॅग लिहिण्याच्या पद्धतीची २.३ ही आवृत्ती निवडावी, कारण २.४ ही नंतरची आवृत्ती काही जुन्या डेकना वाचता येत नाही. वडिलांनी जमवलेला संग्रह असल्यामुळे मूळ प्रतीत गायक, नाटक, राग ही माहिती मराठीत भरून ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवतो. नाटकाचे नाव हरवलेले पद पुढच्या पिढीला शोधणे कठीण जाते.

प्रश्न: नुकत्याच घेतलेल्या वापरलेल्या गाडीत ब्लूटूथ आहे. फोन जोडला जातो, कॉल स्पीकरवर ऐकू येतात, पण गाणे लावले की ते फोनमधूनच वाजते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ब्लूटूथ हे एकच नाव असले तरी त्यात निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या ठरावीक पद्धती आहेत. कॉलसाठी एचएफपी, स्टिरिओ संगीतासाठी ए२डीपी, तर गाणे पुढे-मागे करण्यासाठी आणि त्याचे नाव पडद्यावर दाखवण्यासाठी एव्हीआरसीपी. गाडीत यांपैकी फक्त पहिली असेल तर कॉल येतील, गाणी येणार नाहीत. अनेक जुन्या गाड्यांत तसेच आहे.

मात्र तो निष्कर्ष काढण्यापूर्वी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावासमोरील चिन्हावर बोट ठेवून पाहावे. अँड्रॉइड फोनवर तेथे कॉल आणि मीडिया ऑडिओ यांची वेगवेगळी बटणे असतात. मीडियाचे बटण बंद असेल तर ते सुरू करावे. शिवाय डेकवर ‘ब्लूटूथ ऑडिओ’ हा स्रोत निवडलेला आहे ना, हेही पाहावे. कॉल आला की डेक आपोआप फोनकडे वळतो, संगीतासाठी मात्र स्रोत हाताने निवडावा लागतो. तरीही गाणे आले नाही आणि मीडियाचे बटणच दिसत नसेल, तर गाडीत ती सोय नाही असे समजावे.

तेव्हा गाडीत ३.५ मिलिमीटरचे ऑक्सचे छिद्र आहे का ते शोधावे. असल्यास ऑक्समध्ये बसणारा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर हा स्वस्त आणि चांगला पर्याय आहे. एक त्रास मात्र त्यात संभवतो. हा रिसीव्हर गाडीच्याच चार्जरवर चालवला तर कधी कधी स्पीकरमधून बारीक ‘कुंईऽऽ’ असा आवाज येतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की त्याची पट्टी चढते. इंजिनवर फिरणाऱ्या अल्टरनेटरचा, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, तो आवाज आहे. चार्जरची आणि ऑक्सची अर्थिंग दोन वाटांनी जोडली गेल्यामुळे तो ध्वनीत शिरतो. खात्री करण्यासाठी रिसीव्हर थोडा वेळ त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. आवाज थांबला तर ऑक्सच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थिंगची ही दुहेरी जोडणी तोडणारे छोटे उपकरण) बसवावा. कार-अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात काही वेळा या आवाजासाठी स्पीकर बदलण्याचा सल्ला दिला जातो. तो खर्च करू नये.

प्रश्न: ऑक्स नसल्यामुळे एफएम ट्रान्समीटर (फोनमधील गाणे गाडीच्या रेडिओला एफएमवरून पाठवणारे छोटे यंत्र) वापरतो. पुण्याहून मुंबईला जाताना गाणे मध्येच जाऊन जाहिराती सुरू होतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर: एफएम रेडिओचा स्वभावच असा आहे की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन प्रक्षेपणे आली तर तो बलवान ते धरतो आणि दुसरे जवळजवळ पूर्ण दाबून टाकतो. आपला ट्रान्समीटर अत्यंत दुबळा असतो, आणि तसाच असणे योग्यही आहे. पुण्यात रिकामी सापडलेली जागा घाट उतरल्यावर रिकामी राहीलच असे नाही. ९१.१, ९३.५, ९८.३ या दोन्ही शहरांत वापरात असलेल्या फ्रिक्वेन्सींपासून दूर राहावे आणि ज्या जागेच्या दोन्ही बाजूंना केवळ खरखर ऐकू येते ती जागा निवडावी. मुंबईच्या बाजूसाठी दुसरी जागा प्रवासापूर्वीच शोधून रेडिओच्या बटणावर साठवून ठेवावी. एफएमवर सुमारे १५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर पोहोचतच नाहीत, म्हणून मी हा उपाय नाइलाजाचाच मानतो. डेकला यूएसबीची जागा असेल तर पेनड्राइव्ह केव्हाही सरस.

प्रश्न: स्ट्रीमिंग अ‍ॅपची वर्गणी भरून गाणी डाउनलोड केली आहेत. ती पेनड्राइव्हवर घेता येत नाहीत. शिवाय ब्लूटूथवर आवाज ‘दबलेला’ वाटतो. महागडा डेक घेतल्यास फरक पडेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: अ‍ॅपमधील डाउनलोड म्हणजे खरेदी नव्हे. त्या फाइली कुलूपबंद केलेल्या असतात आणि त्या अ‍ॅपपुरत्याच उघडतात; वर्गणी संपली की त्याही बंद होतात. पेनड्राइव्हसाठी स्वतः विकत घेतलेल्या किंवा स्वतःच्या सीडीवरून उतरवलेल्या फाइलीच लागतात. कोकणात किंवा घाटात रेंज जाते तेव्हा अ‍ॅपमधील डाउनलोड उपयोगी पडतात, हे मात्र खरे.

आवाजाविषयी थोडे आकडे पाहू. सीडीवरील ध्वनी सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट असतो. ब्लूटूथच्या वाटेत तेवढी जागा नसल्याने तो आक्रसून पाठवला जातो. प्रत्येक उपकरणात असावीच लागणारी एसबीसी ही पद्धत साधारण ३२८ किलोबिटपर्यंत, तर एलडीएसी ही पद्धत ९९० किलोबिटपर्यंत जाते. पण फोन आणि डेक या दोघांनाही एलडीएसी समजली तरच तिचा उपयोग. आयफोन एलडीएसी वापरतच नाही, तो एएसी या दुसऱ्या पद्धतीने ध्वनी पाठवतो. तेव्हा आयफोन असताना केवळ एलडीएसीसाठी महाग डेक घेण्यात अर्थ नाही.

माझ्या मते ‘दबलेल्या’ आवाजाची कारणे बहुधा याहून साधी असतात. फोनचा आवाज निम्म्यावर ठेवून डेकचा वाढवला असेल तर खरखर वाढते. फोनचा जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त डेकवर करावे. अ‍ॅपमध्ये डेटा वाचवण्यासाठी हलका दर्जा निवडलेला असेल तर तो बदलावा. फोन आणि डेक या दोन्हीकडील इक्वलायझर (खर्ज-तार स्वर कमी-जास्त करण्याची सोय) एकाच वेळी चालू असतील तर एक बंद करावा. हे करून झाल्यावर तेच गाणे यूएसबीच्या तारेने लावून पाहावे. केवळ चार्जिंगसाठी असलेल्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्यामुळे फोनसोबत आलेली केबल वापरावी. गाडी उभी असताना फरक जाणवला, पण महामार्गावर टायरच्या आणि वाऱ्याच्या आवाजात जाणवला नाही, तर डेकवर पैसे घालण्याचे कारण उरत नाही. तुलना करताना फोन हातात धरून गाडी चालवू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ते धोकादायक वाहनचालनात मोडते.

प्रश्न: कीर्तनांची आणि शास्त्रीय मैफलींची दोन-दोन तासांची ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत. गाडी बंद केली की फाइल पुन्हा सुरुवातीपासून वाजते. तुकडे केले तर विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये खंड पडतो. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: काही डेक बंद होताना वाजत असलेली फाइल लक्षात ठेवतात, तिच्यातील जागा मात्र ठेवत नाहीत. आपला डेक तसाच दिसतो. तेव्हा तुकडे करणे आवश्यक आहे, आणि ते कोठे करावेत यावर सारे अवलंबून आहे.

एमपी३ ही पद्धत ध्वनी ठरावीक आकाराच्या चौकटींत साठवते आणि फाइलच्या सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता नकळत भरली जाते. ती टाळण्याची सोय गाडीतील अनेक डेकमध्ये नसते. दोन नाट्यपदांमध्ये हा खंड कळत नाही. पण मागे तानपुरा अखंड चालू असताना तो तुटतो तेव्हा कानाला लागतोच. म्हणून मैफलीचे तुकडे वेळेच्या हिशेबाने करू नयेत. दाद, तंबोरे जुळवणे, गायकाने पुढच्या बंदिशीविषयी सांगितलेले चार शब्द, अशा जागा शोधाव्यात आणि बडा ख्याल व त्याला जोडून येणारा द्रुत एकाच फाइलमध्ये ठेवावा, मग ती पन्नास मिनिटांची झाली तरी चालेल. कीर्तनात पूर्वरंग, मध्यंतरातील नामगजर आणि उत्तररंग असे विभाग तयारच असतात.

तुकडे करण्यासाठी एमपी३डायरेक्टकटसारखा प्रोग्रॅम वापरावा. तो फाइल पुन्हा आक्रसत नाही, आहे तसाच ध्वनी कापतो. सर्वसाधारण संपादन-प्रोग्रॅममध्ये उघडून पुन्हा एमपी३ म्हणून साठवले तर प्रत्येक वेळी दर्जा थोडा घटतो. मूळ मुद्रण वेव्ह किंवा फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात असेल तर आधी तुकडे करावेत आणि मगच प्रत्येकाचा एमपी३ करावा. तसे करताना बदलता बिटरेट (दर सेकंदाच्या ध्वनीला लागणारे किलोबिट) न निवडता स्थिर निवडावा, कारण बदलत्या बिटरेटच्या लांब फाइलीत काही डेक वेळ चुकीची दाखवतात आणि पुढे सरकवताना भलत्याच जागी जातात. जुन्या कॅसेटवरून उतरवलेली कीर्तने बहुधा मोनो असतात. त्यांना मोनोतच ९६ केबीपीएस पुरेसे होते. एका मैफलीचा आवाज मोठा आणि दुसरीचा लहान असेल तर एमपी३गेन हा प्रोग्रॅम सर्व फाइलींची पातळी ध्वनीला धक्का न लावता सारखी करतो. मात्र एका मैफलीच्या सर्व तुकड्यांना त्यात अल्बम म्हणून एकत्र घ्यावे, म्हणजे विलंबिताचा शांत आलाप आणि द्रुताचा जोर यांतील मूळ अंतर तसेच राहील.