पंजा धरला की कुत्री झटकन मागे ओढते. तिला 'शेकहँड' कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की दहा महिन्यांची तुमची गावठी कुत्री 'बस' म्हटलं की बसते, पण शेकहँडसाठी पंजा उचलला की लगेच मागे ओढून घेते आणि दोन आठवडे झाले तरी गाडी पुढे सरकत नाही. यात तिचं काहीच चुकत नाहीये. पंजा तुम्ही उचलताय, म्हणून तिला शिकायला काही उरतच नाही. त्यात धरलेला पाय खेचून घेणं ही कुत्र्याची उपजत प्रतिक्रिया असते. तेव्हा आजपासून पंजाला हात लावायचं बंद करा. तो तिला स्वतःहून उचलू दे.

खाऊ म्हणून उकडलेलं बिनमिठाचं चिकन किंवा पनीर घ्या आणि त्याचे अर्ध्या वाटाण्याएवढे 12-15 तुकडे करा. बिस्किट नको. ते चावण्यात वेळ जातो, चुरा सांडतो आणि मग ती जमीनच हुंगत बसते. गुळगुळीत फरशीवर एक पाय उचलला की बाकीचे घसरतात, त्यामुळे खाली सतरंजी किंवा जाड पायपुसणं घाला. शिकवणी जेवणाआधी, फक्त तीन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा.

आधी खुणेचा एक शब्द पक्का करा. मी 'हां!' सुचवेन, कारण तो छोटा आहे आणि पटकन तोंडात येतो. 'हां!' म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, असं दहा वेळा. हा शब्द ऐकला की खाऊ मिळतो, एवढं तिला कळलं की पुरे.

आता तिला बसवा. एका मुठीत तुकडा लपवा आणि मूठ तिच्या पुढच्या पायाच्या कोपराइतक्या उंचीवर, पायाजवळ धरा. ती हुंगेल, चाटेल, नाकाने ढोसेल. तुम्ही काही बोलू नका, मूठही हलवू नका. नाकाने काम होत नाही म्हटल्यावर बहुतेक कुत्री पंजा मारून बघतात. पंजा मुठीला लागला त्याच क्षणी 'हां!' म्हणा आणि मूठ उघडा. तीन-चार वेळा असं झालं की खाऊ दुसऱ्या हातातून द्या, नाहीतर रिकाम्या हाताला ती पंजा देणारच नाही.

ती चाटतच राहिली, तर मूठ आणखी खाली, जवळजवळ जमिनीला टेकवून धरा. नुसती बघत बसली, तर मूठ नाकासमोरून हळूच एका बाजूला न्या. डोकं त्या बाजूला वळलं की वजनही तिकडच्या पायावर जातं आणि दुसरा पाय हलका होतो. नजर त्या हलक्या पायाच्या खांद्यावर ठेवा: आधी खांदा किंचित हलतो, मग मनगट दुमडतं आणि बोटं सतरंजीपासून जेमतेम बोटभर सुटतात. सुरुवातीला तेवढ्यालाच 'हां!' म्हणायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर पंजा परत खाली टेकलेला असतो, आणि तुम्ही बक्षीस देता ते पंजा खाली ठेवण्याचं. माझ्या मते सगळ्यात जास्त घरांमध्ये गाडं इथेच अडतं.

दहापैकी आठ वेळा पंजा मुठीवर येऊ लागला, की मूठ रिकामी ठेवा. मग त्याच जागी उघडा तळहात. हुकूम त्यानंतरच: आधी 'हात दे' म्हणा, एक सेकंद थांबा, मग तळहात पुढे करा. शब्द आणि हात एकदम आले तर ती हाताकडेच बघते, शब्द कानाआड जातो. घरात सगळ्यांनी एकच शब्द वापरायचा. कुणी 'शेकहँड', कुणी 'पंजा' असं नको. तसंच 'बस' आणि 'बास' कुत्र्याच्या कानाला फार जवळचे वाटतात, त्यामुळे थांबवण्यासाठी 'बास'ऐवजी 'पुरे' म्हणा.

पंजा तळहातावर ठरू लागला की 'हां!'ला आधी अर्धा, मग एक, मग दोन सेकंद उशीर करा. गदागदा हलवू नका. बऱ्याच कुत्र्यांचा एक पंजा जास्त चालतो, तोच आधी शिकवा. दुसऱ्याला वेगळा शब्द, आठवड्याभराने.

न मागता दिलेल्या पंजाला खाऊ नाही, कौतुक नाही. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर जेवताना ती मांडी ओरबाडत बसेल. खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा कधीच नाही.

छान जमलेलं तिने अचानक बंद केलं, तर हट्टीपणा समजू नका. बोटांच्या बेचक्यात गोचीड आहे का, पंजाखालची मऊ गादी तापलेल्या डांबरावर भाजली आहे का, नख तुटलंय का, ते पाहा. लंगडत असेल तर डॉक्टरांकडे न्या.

आणि पाय धरला की खेचण्याची सवय घालवायची असेल, तर ते काम या शिकवणीत मिसळू नका, वेगळ्या वेळी करा. खांद्याला बोट लावा, तुकडा द्या. मग कोपर, मनगट, पंजाची वरची बाजू, शेवटी बोटं. प्रत्येक जागेला दोन-तीन दिवस. तिने पाय मागे घेतला तर आधीच्या जागेवर परत या. नखं कापताना याच सरावाचा उपयोग होईल.